पोचा, लांबी आणि स्टेपनी : मोटारगाडीच्या डागडुजीची भाषा व तिचा इतिहास

मोटारदुरुस्तीच्या कोणत्याही लहानमोठ्या कारखान्यावरील पाटीकडे पाहिले असता ‘डेंटिंग-पेंटिंग’ हा जोडशब्द बहुधा आढळतोच. इंग्रजी शब्दाच्या रूढ अर्थाने पाहू गेल्यास याच्या पूर्वार्धाचा अर्थ ‘पोचे पाडणे’ असा होईल. आणि गाडीचा मालक ज्या हेतूने त्या कारखान्याच्या दाराशी येतो त्याच्या नेमका उलट असा हा अर्थ आहे. परंतु या पाटीमुळे कोणाची फसगत झाल्याचे ऐकिवात नाही, कारण पैसे मोजून पोचा पाडून घेणारा ग्राहक संभवत नाही. शिवाय कारागिराने केलेली ही घडण इंग्रजीच्या प्रकृतीस अगदीच परकी आहे असेही नव्हे. ‘डस्टिंग’ म्हणजे धूळ घालणे नव्हे, धूळ झाडणे. ‘वीडिंग’ म्हणजे तण लावणे नव्हे, तण उपटणे. नामावरून क्रियापद बनवून त्यास त्या वस्तूच्या निराकरणाचा अर्थ देण्याची ही रीत इंग्रजीत जुनीच आहे. भारतीय कारखान्यांत तिचाच विस्तार झाला, आणि त्यावरून पुढे ‘डेंटर’ हे कर्तृवाचक नाम सिद्ध झाले. दक्षिणेकडे, विशेषतः केरळ व तमिळनाडू या प्रांतांत, याच कामास ‘टिंकरिंग’ असे म्हणतात. ‘टिंकर’ म्हणजे इंग्लंडात गावोगाव फिरून फुटकी भांडी सांधून देणारा कारागीर. म्हणजे उत्तरेकडे पोचा या दोषावरून धंद्याला नाव मिळाले, तर दक्षिणेकडे भांडी दुरुस्त करणाऱ्या फिरत्या माणसावरून. या दुसऱ्या नावाचे औचित्य पुढे अधिक स्पष्ट होईल.

मोटारगाडीचा इतिहास लिहिणारे बहुधा तिच्या निर्मितीचा, रस्त्यांचा अथवा कायद्यांचा इतिहास लिहितात. गाडी एकदा विकली गेली की ती त्या इतिहासाच्या कक्षेबाहेर जाते. वस्तुतः गाडीचे आयुष्य त्यानंतरच सुरू होते. तिला ओरखडे पडतात, तिचा पत्रा चेपतो, मालकाला तिचा रंग नकोसा होतो, किंवा तिला उंच करावे, सखल करावे, तिच्यात दुसरे इंजिन बसवावे असे त्याच्या मनात येते. या व्यवहाराची कागदपत्रे फारशी उरत नाहीत. उरतात ते शब्द. आणि ते पुष्कळ काही सांगतात.

यांतील सर्वांत जुना थर घोडागाडीचा आहे. ‘डॅशबोर्ड’ हा मुळात घोड्याच्या खुरांनी उडणारा चिखल बसणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून बग्गीच्या पुढे लावलेला फळा होता. मोटारीपुढील घोडा गेला, चिखलाची दिशा बदलली, तरी फळ्याचे नाव राहिले, आणि आता त्यावर वेग व इंधन दाखविणारी तबकडी असते. ‘डिकी’ ही बग्गीच्या मागील बाजूस नोकराने बसावयाची बैठक. प्रारंभीच्या मोटारींत तीच उघडझाप करणाऱ्या मागील आसनाच्या रूपाने आली. पुढे त्या जागी सामान ठेवण्याचा कप्पा झाला. इंग्लंडात त्या कप्प्यास ‘बूट’ म्हणू लागले, अमेरिकेत ‘ट्रंक’. मराठीत मात्र तो नोकराच्या बैठकीचेच नाव अद्याप धारण करून आहे. मराठीतील ‘टप’ आणि ‘कमान’ हे शब्दही असेच टांग्याबग्गीवरून मोटारीवर चढले. आजही मालमोटारीचा चालक ‘कमान बसली’ किंवा ‘पाटा तुटला’ असे म्हणतो तेव्हा तो घोडागाडीच्या काळातीलच भाषा बोलत असतो.

दुसरा थर परदेशी, पण एकजिनसी नव्हे. ‘गॅरेज’, ‘चासी’, ‘शोफर’ हे फ्रेंच शब्द इंग्रजीच्या द्वारे आले. यांपैकी शोफर म्हणजे मूळचा भट्टीत कोळसा घालणारा माणूस. वाफेच्या गाड्यांची ती आठवण होय. उलटपक्षी गाडी सुरू करावयाची ‘चावी’ आणि ती दुरुस्त करणारा ‘मेस्त्री’ हे दोघेही पोर्तुगीजांकडून, मोटारीच्या कितीतरी आधी, कोकणच्या किनाऱ्यावर उतरलेले आहेत. ‘मेस्त्री’ या शब्दाचे भाग्य विशेष लक्षणीय आहे. सुतार, गवंडी व आगगाडीच्या कारखान्यातील कारागीर या सर्वांना लावून झाल्यावर तो मोटारीच्या कामास आपोआपच उपयोगी पडला. त्यासाठी नवा शब्द शोधावा लागला नाही, कारण माणूसही फारसा नवा नव्हता.

प्रारंभीच्या काळात गाडीत फेरफार करणे हा अपवाद नसून शिरस्ता होता, ही गोष्ट आज सहसा लक्षात घेतली जात नाही. त्या वेळी चासी एकाकडून घ्यावी व तीवर देह दुसऱ्याकडून बांधवून घ्यावा अशी पद्धत होती. लाकडी सांगाड्यावर पत्रा चढवून केलेला हा देह चासीवरून उचलून बाजूला ठेवता येई. गाडीच्या धारणशक्तीशी त्याचा संबंध अल्प असल्यामुळे तो कापला, वाढविला अथवा समूळ बदलला तरी गाडी धोक्यात येत नसे. संस्थानिकांनी या सोयीचा पुरेपूर लाभ घेतला. कोटा संस्थानचे महाराव उम्मेदसिंग यांच्यासाठी १९२५ साली तयार झालेल्या रोल्स-रॉइसवर बार्कर या लंडनच्या पेढीने शिकारीसाठी शोधदीप व बंदुका ठेवण्याची व्यवस्था असलेला देह चढविला होता. या गाडीला कोणी ‘बदललेली’ म्हणत नाही. ती तशीच घडविली गेली असे मानले जाते. ‘मूळ’ आणि ‘बदललेली’ हा भेद निर्माण होण्यासाठी गाड्या एकाच साच्यातून निघणे आवश्यक होते. भारतात असा साचेबंद माल १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात जुळणीच्या कारखान्यांतून निघू लागला. जनरल मोटर्सचा मुंबईतील शिवडीचा कारखाना १९२८ चा आहे.

त्याच सुमारास, किंबहुना त्याहूनही आधी, दोन व्यापारी नावे कारखान्याच्या बोलीत कायमची शिरली. पहिले ‘स्टेपनी’. पहिल्या मोटारींबरोबर जादा चाक दिले जात नसे. रस्ता नालांच्या खिळ्यांनी भरलेला असे, आणि चाक पंक्चर झाले की ते रस्त्यातच सोडवून ठिगळ लावावे लागे. वेल्समधील लानेली गावी डेव्हिस बंधूंनी १९०४ साली यावर एक तोड काढली. आऱ्या नसलेली, टायर चढवून हवा भरलेली एक धाव बिघडलेल्या चाकाच्या बाजूला पकडींनी घट्ट बसवावयाची, आणि तशीच गाडी पुढे न्यावयाची. हा व्यवसाय लानेलीतील स्टेपनी स्ट्रीटवर होता, म्हणून तिचे नाव स्टेपनी. पुढे संपूर्ण चाकच काढून घालण्याची सोय झाल्यावर ही युक्ती निरुपयोगी ठरली आणि ब्रिटनमध्ये तो शब्दही नित्य वापरातून गेला. भारत, बांगलादेश, माल्टा आणि किंचित रूपांतराने ब्राझील येथे मात्र तो टिकला. मराठीत त्याला लाक्षणिक अर्थही प्राप्त झाला : ऐनवेळी एखाद्याच्या जागी उभा केलेला माणूस म्हणजे स्टेपनी, आणि या उपयोगात आदराचा भाग नसतो. २०२० साली भारत सरकारने नळीविरहित टायर, दुरुस्तीचे साहित्य व हवेचा दाब दाखविणारी यंत्रणा असलेल्या गाड्यांना जादा चाकाच्या सक्तीतून सूट दिली. म्हणजे लानेलीची धाव गेली, आता चाकही जाण्याच्या मार्गावर आहे. शब्दाला मात्र अद्याप धक्का लागलेला नाही.

दुसरे नाव ‘ड्यूको’. अमेरिकेतील ड्यू पाँ या पेढीने सिद्ध केलेला हा नायट्रोसेल्युलोजचा रंग १९२३ साली जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर प्रथम दिसला. तत्पूर्वी तेलाच्या रंगाचे थरावर थर देऊन वाळविण्यात आठवडे जात. ड्यूको काही तासांत वाळे व फवाऱ्याने मारता येई. याचा परिणाम कारखान्यातील निर्मितीवर झाला तसाच, किंवा त्याहूनही अधिक, दुरुस्तीवर झाला. एका दरवाजापुरता ओरखडा एका दरवाजापुरताच रंगवून देणे आता शक्य झाले. भारतात हा शब्द मोटारीपुरता न राहता लाकडी कपाटांवरील फवाऱ्याच्या रंगासही लावतात. सुतार व रंगारी ‘ड्यूको मारणे’ असे सर्रास म्हणतात आणि त्यामागे एक विशिष्ट पेढी आहे याची त्यांना जाणीव नसते.

आता तिसरा थर, देशी शब्दांचा. या थराकडे अभ्यासकांनी सर्वांत कमी लक्ष दिले आहे, आणि तो सर्वांत समृद्ध आहे.

‘पोचा’ हा शब्द मोटारीसाठी निर्माण झालेला नाही. घागर आपटली, तांब्या पडला की त्याला पोचा पडे, आणि तो काढणारा माणूस तांबट असे. तांबटाच्या कामाचे मर्म असे की धातू तोडावयाचा नाही, तो सरकवावयाचा. आतून ऐरणीचा आधार द्यावयाचा आणि बाहेरून हलक्या, सारख्या अंतरावरील ठोक्यांनी पृष्ठ एकसारखे करावयाचे. पुण्याच्या तांबट आळीत या कामास ‘मठारकाम’ म्हणतात, आणि तेथील भांड्यांवर दिसणारी ठोक्यांची नक्षी ही त्याचीच खूण होय. डेंटरचे काम याहून तत्त्वतः निराळे नाही. ऐरणीच्या जागी हातात मावणारा पोलादी ठोकळा येतो, त्यास ‘डॉली’ म्हणतात. तो पत्र्याच्या आतील बाजूस धरून बाहेरून हातोडी चालवावी लागते. फरक एवढाच की तांबटाच्या कामात ठोक्याची खूण शोभा ठरते, आणि डेंटरच्या कामात ती अपयश ठरते.

पोचा काढण्यातील खरी अडचण अनभिज्ञास दिसत नाही. पत्रा चेपतो तेव्हा तो काही ठिकाणी ताणला जाऊन क्षेत्रफळाने वाढतो. आत गेलेला भाग नुसता बाहेर ढकलला तर हा वाढलेला पत्रा मावत नाही, आणि डब्याच्या बुडाप्रमाणे आतबाहेर ‘टकटक’ करीत राहतो. त्यावर उपाय म्हणजे तो आकसविणे. ताणलेल्या जागी रुपयाएवढा भाग वायूच्या ज्योतीने लाल होईपर्यंत तापवावयाचा, ठोक्यांनी दाबून घ्यावयाचा व ओल्या फडक्याने तत्काळ थंड करावयाचा. तापलेला भाग भोवतालच्या थंड पत्र्यामुळे पसरू शकत नाही, जागच्या जागी जाड होतो, आणि थंड होताना आकुंचन पावून सभोवतालचा पत्रा ओढून घेतो. किती तापवावे व कोठे थांबावे हे हाताच्या तळव्याने पृष्ठ चाचपूनच कळते. डोळ्यांपेक्षा तळव्यावर विश्वास ठेवणारी ही विद्या पुस्तकांत अल्प व शागिर्दीत अधिक आहे. ती ज्या मुलांनी शिकली त्यांतील पुष्कळांचे शालेय शिक्षण बेताचेच होते, ही गोष्ट विद्यापीठीय वर्तुळात विसरली जाते.

यानंतर उरलेली उणीव भरून काढणे आले, आणि येथे ‘लांबी’ हा शब्द येतो. रंगाऱ्याच्या बोलीत लाकडातील अथवा भिंतीतील खाचा बुजविण्याचे लुकण म्हणजे लांबी. ‘लांबी भरणे’, ‘लांबी घासणे’ हे प्रयोग मोटारीच्या रंगकामात जसेच्या तसे आले. गाडी विकत घेताना जाणकार माणूस पत्र्यावर बोटाने टिचकी मारून पाहतो व ‘यात लांबी आहे’ असा निर्णय देतो, तेव्हा त्या दोन शब्दांत गाडीचा सारा पूर्वेतिहास आलेला असतो. आजची लांबी ही बहुधा पॉलिएस्टर राळेची असते आणि तिचा प्रसार १९५० च्या दशकाच्या मध्यानंतर झाला. त्यापूर्वी पाश्चात्त्य कारखान्यांत पोकळी शिशाने भरीत. सुमारे सत्तर भाग शिसे व तीस भाग कथील यांचा मिश्रधातू १८३ अंश सेल्सियसला मऊ होऊ लागतो, पण पूर्णपणे द्रव होण्यास त्यास सुमारे २५५ अंशांपर्यंत जावे लागते. या दोहोंच्या मधल्या अवस्थेत तो लोण्यासारखा राहतो आणि चरबी लावलेल्या लाकडी पट्टीने पसरविता येतो. मात्र तत्पूर्वी पोलादी पत्र्याला कथलाचा पातळ लेप द्यावा लागतो, अन्यथा शिसे धरत नाही. ज्या भाषेत कल्हईवाला घरोघर परिचित होता त्या भाषेच्या लोकांना हे कृत्य समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. दक्षिणेतील ‘टिंकर’ हा शब्द किती यथार्थ आहे हे येथे दिसून येते.

हे सर्व कौशल्य भारतात ज्या प्रमाणावर वाढले त्याचे कारण केवळ कारागिरांची परंपरा नव्हे. सरकारी धोरणही त्यास तितकेच जबाबदार आहे. १९४९ साली संपूर्ण जुळलेल्या मोटारींच्या आयातीवर बंदी आली. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनुसार ज्या पेढ्या देशात निर्मिती करणार नाहीत त्यांना जुळणी करू देऊ नये असे ठरले, आणि फोर्ड व जनरल मोटर्स यांनी येथील काम आवरते घेतले. उरल्या त्या मुख्यतः तीन : कलकत्त्याजवळील उत्तरपाड्याची हिंदुस्तान मोटर्स, वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेली मुंबईतील कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि मद्रासची स्टँडर्ड. नवी गाडी मिळण्यास वर्षे लागत. १९५९ च्या नियंत्रण आदेशाने वाटप व पुनर्विक्रीही नियमांत बांधली गेली. अशा स्थितीत गाडी मोडीत काढणे ही कल्पनाच अव्यवहार्य होती. बहिणीच्या लग्नात घेतलेली फियाट मुलाच्या लग्नापर्यंत चालविणे हे त्या काळच्या मध्यमवर्गीय घरात विशेष मानले जात नसे.

त्यामुळे दुरुस्ती आणि बदल यांतील सीमारेषा पुसट झाली. अँबॅसिडरच्या मागील कमानीत एक जादा पाटा घालणे ही दुरुस्ती की बदल, असा प्रश्न कोणी विचारीत नसे; खड्ड्यांच्या रस्त्यावर भरलेली गाडी तळाशी घासू नये एवढाच हेतू असे. सुकाणूच्या दांड्यावरील गिअर जमिनीवर आणणे, टपावर सामानाचा कठडा बसविणे, झिजलेल्या बंपरवर पुन्हा क्रोमियमचा मुलामा चढविणे, ही कामे सर्रास होत. पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या अमेरिकन गाड्यांत पर्किन्स बनावटीची डिझेल इंजिने बसवून त्या टॅक्सी म्हणून चालविल्या गेल्या. ज्या डॉजमध्ये डॉजचे फक्त कवच उरले आहे अशा गाड्या मुंबईत कित्येक वर्षे धावत होत्या. गोव्याची गोष्ट थोडी निराळी. तेथे १९६१ पर्यंत पोर्तुगीज राजवट असल्यामुळे भारतासारखे आयातीचे निर्बंध नव्हते, आणि म्हणून पणजी-मडगावच्या रस्त्यांवर मर्सिडिजच्या टॅक्सी दिसत. मुक्तीनंतर सुटे भाग दुर्मिळ झाले तसे त्या गाड्यांचे पालनपोषणही स्थानिक मेस्त्रींकडे आले.

सुट्या भागांचे बाजार हा या व्यवहाराचा दुसरा अर्धा भाग. मुंबईत ऑपेरा हाऊसचा परिसर व चोरबाजार, पुण्यात नाना पेठ ही त्याची ठिकाणे होत. तेथील परिभाषेत ‘ओरिजिनल’, ‘लोकल’ आणि ‘डुप्लिकेट’ हे तीन वर्ग रूढ आहेत. ओरिजिनल म्हणजे पेढीने दिलेला भाग. लोकल म्हणजे अन्य कोणी उघडपणे बनविलेला. डुप्लिकेट म्हणजे पेढीचे नाव घालून फसवणुकीने विकलेला. या वर्गवारीत एक नैतिक विवेक आहे : लोकल भाग घेण्यात कमीपणा नाही, तो लोकल आहे हे लपविण्यात आहे. इंग्रजीत या तीन शब्दांची अशी काटेकोर विभागणी नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

भारतात टंचाईतून जे घडले तेच अमेरिकेत, विशेषतः दक्षिण कॅलिफोर्नियात, विपुलतेतून घडले. तेथे जुन्या फोर्ड गाड्या थोड्या डॉलरांत मिळत. तरुण मंडळी त्यांचे मडगार्ड व टप उतरवून इंजिनांची शक्ती वाढवीत आणि मुरॉक येथील कोरड्या सरोवराच्या तळावर त्या पळवीत. १९३७ साली त्यांच्या मंडळांचा संघ स्थापन झाला. ‘हॉट रॉड’ नावाचे मासिक जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजलिसमध्ये निघाले. याच्याच शेजारी दुसरा पंथ होता, त्यास वेगाशी कर्तव्य नव्हते. गाडीचा टप कापून बुटका करावा, दिवे पत्र्यात बुडवावेत, मुठी काढून टाकाव्यात, आणि सारे सांधे शिशाने भरून गाडी एकसंध व सखल दिसावी, ही त्यांची सौंदर्यकल्पना. या गाड्यांना ‘लेड स्लेड’, म्हणजे शिशाची घसरगाडी, असे थट्टेचे नाव पडले. बॅरिस बंधूंच्या कारखान्यात बॉब हिरोहाता या जपानी वंशाच्या अमेरिकन तरुणासाठी १९५२ साली बदललेली १९५१ ची मर्क्युरी ही यांतील सर्वांत प्रसिद्ध गाडी. २०१७ साली तिचा अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत समावेश झाला.

या घटनेत लक्ष देण्याजोगी गोष्ट ही की जे शिसे अपघाताच्या खुणा लपविण्यासाठी वापरले जाई तेच येथे मुद्दाम कापलेल्या पत्र्यावर वापरले गेले. कौशल्य एकच, एका ठिकाणी ते गाडी पूर्वीसारखी करते, दुसऱ्या ठिकाणी पूर्वी कधीच नव्हती तशी करते. आणि हे शक्य झाले याचे एक यांत्रिक कारण आहे. त्या मर्क्युरी गाड्यांना स्वतंत्र चासी होती, त्यामुळे टप कापल्याने गाडीचा कणा मोडत नसे.

मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी हीच कला आणखी वेगळ्या दिशेने नेली. गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली आणून ती संथपणे हमरस्त्यावरून मिरवावयाची; ‘लोरायडर’ या नावाने ते ओळखले जातात. कॅलिफोर्नियाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस चाकाच्या धावेहून खाली जाणाऱ्या गाड्यांवर बंदी घातली. या बंदीवर उतारा म्हणून १९५९ मध्ये एका तरुणाने विमानातील द्रवदाबाचे पंप गाडीत बसविले, म्हणजे पोलीस दिसताच गाडी वर उचलता येई. हे कलम व मिरवण्यावरील स्थानिक बंद्या १ जानेवारी २०२४ पासून रद्द झाल्या. सुमारे पासष्ट वर्षे एका समाजाचा छंद हा गुन्हा राहिला, आणि त्या बंदीमागे केवळ सुरक्षेचा विचार होता असे मानणे कठीण आहे.

भारतातील कायद्याची वाटचाल मात्र याच्या उलट दिशेने झाली. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ मूळ रूपात सौम्य होते : बदल करावयाचा असल्यास नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे व संमती घ्यावी, आणि वस्तूंच्या जोडण्याकाढण्याने रिकाम्या गाडीच्या वजनात दोन टक्क्यांपर्यंत फरक पडत असेल तर संमतीचीही आवश्यकता नाही. २००० सालच्या दुरुस्तीने कसोटीच बदलली. नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये, असे कलम आले. इंधनसंचाच्या रूपांतरासाठी मुभा ठेवली गेली, आणि मुंबईच्या हजारो टॅक्सी तिच्या आधारे सीएनजीवर गेल्या. या कलमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाचा उदार निर्णय रद्द केला व उत्पादकाचा तपशील हीच सीमा असल्याचे सांगितले. रंगासारखा बदल नोंदवून करता येतो. त्याच वर्षीच्या दुरुस्ती अधिनियमाने अशा प्रत्येक अनधिकृत बदलास पाच हजार रुपये दंड अथवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. तत्पूर्वी २०१२ मध्ये काचांवरील काळ्या पटलांना आणि डिसेंबर २०१७ मध्ये बंपरपुढील पोलादी कठड्यांनाही मनाई झाली होती.

या कठोरतेस आधार नाही असे म्हणता येणार नाही. आजच्या गाडीला स्वतंत्र चासी नसते. पत्र्याचे कवच हाच तिचा सांगाडा असतो, आणि पुढील भाग आघाताची शक्ती शोषून चुरडला जावा अशाच हिशेबाने तो घडविलेला असतो. मर्सिडिजने १९५९ साली बाजारात आणलेल्या या योजनेमागे बेला बारेनी यांचे संशोधन होते. पोलादी कठडा लावल्यास आघात शोषला न जाता आतील माणसांपर्यंत पोचतो. म्हणजे १९२५ मध्ये जो बदल निरुपद्रवी होता तो आज प्राणघातक ठरू शकतो. परंतु कायद्याने धोकादायक बदल व निरुपद्रवी बदल यांत भेद न करता ‘उत्पादकाचा शब्द’ हीच कसोटी मानली, हा त्यातील दोष आहे. तापलेल्या पत्र्यावर निर्णय घेणाऱ्या मेस्त्रीच्या तळव्यास या व्यवस्थेत स्थान नाही.

लहान नुकसानीच्या बाबतीत विम्याने असाच परिणाम घडविला आहे. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत पहिल्या वर्षी २० टक्के असते व क्रमाने ५० टक्क्यांपर्यंत चढते. एका पोच्यासाठी दावा केला की ती जाते. म्हणून किरकोळ पोचे व ओरखडे विम्याच्या वहीत येत नाहीत, ते कोपऱ्यावरील डेंटरकडे जातात. बंपर आता प्लास्टिकचे झाले आहेत, त्यांच्या आत संवेदक बसविलेले असतात, आणि ते ठोकून नव्हे तर बदलूनच दुरुस्त होतात. तरीही दरवाजाचा पत्रा पत्राच आहे. रंगास धक्का न लावता लांब सळ्यांनी आतून पोचा ढकलून काढण्याची नवी रीत शहरांत प्रचलित झाली आहे, आणि ‘कंपनीचा पेंट’ राखला गेला म्हणून मालक तिला अधिक पैसे देतो.

जुन्या गाड्यांच्या हौशी संग्राहकांपुढे मात्र वेगळाच पेच उभा राहिला आहे. कलकत्ता व दिल्ली येथे निघणाऱ्या स्टेट्समन या वृत्तपत्राने १९६४ पासून जुन्या गाड्यांच्या फेऱ्या भरविल्या, त्या फेऱ्यांनी या छंदास प्रतिष्ठा दिली. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी व क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे दिली. अट एवढीच की गाडी मूळ स्वरूपात असावी. तिची चासी, कवच अथवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. ही अट युरोपातील गाडीस साजेशी आहे. भारतातील जी गाडी १९४९ नंतरच्या टंचाईतून जिवंत राहिली ती पुष्कळदा पर्किन्सचे इंजिन, लोकल गिअर आणि तीन वेळा भरलेली लांबी यांच्या आधारानेच राहिली. जिच्यावर कोणी हात चालविला नाही अशी गाडी त्या वर्षांत बहुधा भंगारात गेली. संग्राहकाला आता ते इंजिन काढून, परदेशातून मूळ जातीचे इंजिन शोधून आणून, गाडी ‘पूर्ववत्’ करावी लागते. म्हणजे मूळ स्वरूप सिद्ध करण्यासाठी तिच्यात आणखी एक मोठा फेरफार करावा लागतो.

टॅक्सींच्या बाबतीत हा प्रश्नच उरला नाही. मुंबईत टॅक्सीच्या वयाची मर्यादा वीस वर्षे असल्याने, ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर व्यवसायातून निवृत्त झाली. कुर्ल्याचा कारखाना त्याच्या कितीतरी आधी बंद झाला होता. त्या गाड्यांचे भाग बनविणारे आणि त्यांचे पोचे काढणारे लोक आता इतर गाड्यांवर काम करतात; त्यांच्या पाटीवर शब्द तेच आहेत.